अंदाज मागे घेत नाही

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचा. दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि एक छत्री एवढ्या संसारासह दादाच्या घरी मुक्काम हलवला. वहिनींनी दारातच विचारलं की बाकीचं सामान मागून येतंय का. म्हटलं, हेच सगळं. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या माणसाकडे याहून जास्त निघालं तर चौकशी करायला हवी. त्या हसल्या. मग म्हणाल्या की या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं.

घर अरुंद आणि उंच. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर रस्त्याच्या बाजूला दादा, शेजारच्या चिंचोळ्या खोलीत मी. मधलं दार खाली घासत होतं. बॅग उघडायच्या आधी बिजागरी काढून सरळ केली. जिन्याची चौथी पायरी कुरकुरते, तिला उद्या बघतो.

दादाचं दुखणं दोन वर्षांपूर्वी हातातून पेन पडायला लागलं तिथून सुरू झालं. आता डोळे सोडून काही हलत नाही. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढण्यात हयात गेली आणि जिभेलाही तीच धार होती. मी पलंगाशी बसलो तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग डोळे स्क्रीनकडे वळवले. बारकी, म्हणजे माझी पुतणी, म्हणाली की काका, थांबा, बाबा बोलतायत. थांबलो. चहा आला, पिऊन झाला, कपबशी खाली ठेवून आलो. तेव्हा कुठे कॉम्प्युटरमधून दादाच्या आवाजात निघालं, "पान्या, पोट सुटलं."

पान्या म्हणजे मी. लहानपणी घरातली जी वस्तू हाती लागेल ती पाना घेऊन खोलत बसायचो म्हणून त्यानं ठेवलेलं नाव. दुसरं कोणी मला या नावानं हाक मारत नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

ही वही वहिनींनी दिली. प्रत्येक लिफ्टच्या यंत्रखोलीत नोंदवही असते, त्यामुळे लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. दादा दोन ते तीन झोपतो, तेवढ्यात लिहायचं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी डॉक्टर येऊन गेले. दादाची छाती दमत चाललीय. आता दोनच वाटा आहेत. गळ्याला नळी बसवून श्वासाचं यंत्र जोडलं, तर तो आणखी काही वर्षं आमच्यात राहू शकेल. नळी नको म्हटलं, तर पुढे जे होईल ते त्रास न होता होऊ द्यायचं. २२ तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता डॉक्टर उत्तर न्यायला येणार. उत्तर दादाचंच हवं. बायकोचं नको आणि भावाचंही नको. नुसत्या हो-नाहीवर त्यांचं समाधान नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल पेशंटला काय वाटतं ते त्याच्याच शब्दांत ऐकायचंय म्हणाले.

अडचण इथेच आहे. दादाचे शब्द त्या कॉम्प्युटरमधून येतात आणि कॉम्प्युटर म्हातारा आहे. स्क्रीनखाली एक कॅमेरा आहे, तो डोळे टिपतो. दादानं अक्षराकडे बघायचं, प्रोग्रॅमनं शब्द सुचवायचे, बरोबर शब्दाकडे पुन्हा बघायचं. चुकलं तर उजव्या कोपऱ्यात "खोडा" असा चौकोन आहे, त्याकडे बघायचं. दादाच तो, सारखा खोडत असतो. आवाज बारकीनं जुन्या ध्वनिफितींवरून तयार केला. छापखान्यात दादा मजकूर मोठ्यानं वाचायचा त्या फिती. त्यात दर ओळीला "स्वल्पविराम, पूर्णविराम" येत होतं, ते वगळता वगळता पोरगी रडकुंडीला आली होती.

आज सकाळभर खपून चार शब्द झाले. या चालीनं २२ तारखेचं उत्तर पावसाळ्यात मिळेल.

६ मार्च, गुरुवार

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो होतो. आपल्याला असल्या जागा फार आवडतात. बारकीनं शोधून ठेवलं होतं की दादाच्या मदरबोर्डवर मोठ्या सर्व्हरमधून काढलेला एक जुना प्रोसेसर बसू शकतो. थोडी कापाकापी करावी लागते, पण कंपन्या असे प्रोसेसर टोपलीनं भंगारात घालतात आणि एका चपलेच्या किमतीत चौपट वेग मिळतो. नवा कॉम्प्युटर घेतला तर आमचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालत नाही, तेही बघून झालं होतं.

एका दुकानदाराच्या कपाळावर घड्याळजीसारखं भिंग बांधलेलं होतं. त्यानं अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेले प्रोसेसर पुढे केले. हवा तो एकच होता. वर करड्या पेस्टचा वाळलेला थर होता आणि त्याखाली मार्करनं काहीतरी खरडलेलं होतं. भिंगवाल्यानं विचारलं की बघून घेतलंत ना नीट. मी खालचे सोनेरी ठिपके बघितले, एकही खराब नव्हता. म्हटलं, बघितलं.

७ मार्च, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या डब्यावर बारकीनं कागद चिकटवला होता, "कोणीही हात लावू नये". तिला वरून हाक मारून तो तिच्याच हातानं काढायला लावला. ती हसायला लागली. तिला सांगितलं की आमच्या धंद्यात दुसऱ्यानं लावलेली पाटी आपण काढत नाही. "चालू करू नये" अशी पाटी ज्यानं लटकवली त्यानंच ती उतरवायची. तो जेवायला गेला असेल तर जेवून येईपर्यंत लिफ्ट बंद. एकतीस वर्षांत मी दुसऱ्याची पाटी काढली नाही, म्हणून दहाही बोटं जागेवर आहेत.

मग कामाला लागलो. सर्व्हरचा प्रोसेसर तसाच बसत नाही. सॉकेटच्या प्लास्टिकला दोन छोटे कान असतात, ते ब्लेडनं कापले. प्रोसेसरच्या पोटाला नखाएवढा स्टिकर लावला, त्यानं दोन टोकांची अदलाबदल होते. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून वरचं झाकण घासलं. पेस्ट गेली, मार्करचं लिखाणही गेलं, पार आरसा झाला. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, वर पंखा, चार स्क्रू तिरपे-तिरपे आवळले.

पहिल्याच फटक्यात चालू झाला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. दादानं वर बघितलं. हो.

८ मार्च, शनिवार

काय दिवस गेला! डोळा अक्षरावर पडतो न पडतो तोच शब्द हजर. दादानं सकाळपासून आम्हाला फैलावर घेतलंय. उशी उंच आहे. बारकीनं केस कापून चिमणीचं घरटं केलंय. पान्यानं चौथी पायरी दुरुस्त केली तर आता पाचवी वाजते. (खरंय.) दुपारी वहिनींना म्हणाला की तुझ्या हातचा चहा पोटाच्या नळीतून जातो हे बरंच आहे, चव लागत नाही. वहिनी हसता हसता पदरात तोंड लपवून रडल्या.

म्हटलं, आता २२ तारखेची काळजी मिटली.

१० मार्च, सोमवार

वेग अजून वाढलाय. बारकीला विचारलं तर तिनं समजावलं. प्रोसेसर आज्ञेची वाट बघत बसत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं काम फेकायचं आणि मागे यायचं. सगळेच प्रोसेसर असं करतात म्हणे. आवडलं मला. आमच्याकडेही कसलेला लिफ्टमन गिऱ्हाईक आत शिरतानाच मजला ओळखतो.

दादा आज गोड बोलतोय. मला "बाळा" म्हणाला. जन्मात म्हणाला नव्हता. माणूस आजारपणात मऊ होतो, असेल.

१२ मार्च, बुधवार

सकाळी वहिनी विचारायला तोंड उघडतात तोच उत्तर येतं. "खिडकी—" एवढं म्हणाल्या, तर आवाज आला, "असू दे उघडी, वारा छान आहे." वहिनी खूश. म्हणतात, पहिल्यापासून यांना माझ्या मनातलं कळायचं. मी चोवीस वर्षं या जोडप्याची भांडणं बघितलीत. दादाला त्यांच्या मनातलं कधीही कळलेलं नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. तीन दिवसांत दादानं एकदाही "खोडा" वापरलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

छापखान्यातला दादाचा जुना सहकारी भेटायला आला. हा तोच. पंचवीस वर्षांपूर्वी यानं मथळ्यात घोडचूक ठेवली आणि मालकासमोर दादाच्या अंगावर ढकलली. दादा त्याचं नाव घेत नसे, "तो जंतू" म्हणायचा. मला वाटलं, आज खरी मजा येणार.

स्पीकरमधून आवाज आला, "माझ्या मनात काही नाही. झालं गेलं विसरून जाऊ. तू आलास, बरं वाटलं." तो माणूस दादाचा हात धरून हुंदके देऊन रडला. वहिनी रडल्या. मी दादाकडे बघत होतो. त्याची नजर ना त्या माणसावर होती ना अक्षरांवर. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात रुतून बसली होती.

खोडा. खोडा. खोडा. तिकडेच बघतोय आणि काहीच खोडलं जात नाहीये.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी दादा झोपला होता. मिटलेल्या पापण्या मी स्वतः बघितल्या. स्पीकर बोलला, "बाळा, थोडी विश्रांती घे. तू फार दमतोस."

मी प्रोग्रॅम बंद केला आणि वाट बघितली. जागा झाल्यावर दादा माझ्याकडे बघायला लागला आणि डोळे फिरवायला लागला. आडवे, मग गोल, मग खाली शेपटी. पुन्हा आडवे, गोल, शेपटी. चौथ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रुफात शब्द काढून टाकायचा असला की मुद्रितशोधक त्यावरून रेघ मारतो आणि समासात गोल घेऊन शेपटी सोडतो. लहानपणी मी त्याच्या कागदांवरच्या त्या शेपट्या बोटानं गिरवायचो. दादा नजरेनं खोडखूण काढत होता.

विचारलं, हे आठवडाभर बोलतोय तो तू नाहीस? वर बघितलं.

एकही शब्द तुझा नाही? वर बघितलं आणि तिथेच बघत राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं आणि मी ते पुसायचंही विसरलो.

१५ मार्च, शनिवार

भिंगवाल्याकडे गेलो. त्यानं पहिलाच प्रश्न केला की झाकणावर लिहिलेलं वाचलं नव्हतं का. म्हटलं, पुसलं. त्यानं कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि प्रोसेसरचं सोडून माझंच तोंड बघितलं.

कुठल्यातरी कंपनीच्या वतीनं लोकांशी फोनवर बोलणारी यंत्रं होती, त्यातला तो माल. उतरवणाऱ्या मेकॅनिकनं बाकी सगळ्यांवर नुसते आकडे टाकले होते, या एकावर दोन वाक्यं लिहिली, "अंदाज मागे घेत नाही. लावू नये." भिंगवाल्याला वाटलं होतं की मी वाचूनच घेतोय, शोभेला म्हणून. किल्लीला लावायला नेतात लोक.

मागे घेत नाही म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, मलाही नीट माहीत नाही, त्या मेकॅनिकनं एकदा सांगितलं होतं. अंदाज आणि खरं यात फरक पडला की बाकीचे प्रोसेसर अंदाज फेकतात. हा खरं फेकतो.

तो मेकॅनिक कुठे भेटेल? भिंगवाला ट्रे पुसत राहिला. म्हणाला, येतो की दर आठवड्याला. बोलतो, सगळं बरोबरच बोलतो, पण त्याचं नसतं ते.

दुसऱ्याची पाटी. एकतीस वर्षांत एकदाही नाही, आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत मी ती स्पिरिटनं घासून काढली.

१६ मार्च, रविवार

काल मी घरी पोचायच्या आत प्रोग्रॅम पुन्हा चालू केलेला होता. वहिनींना आवाजाशिवाय करमेना. आणि त्या यंत्रानं आज उत्तर देऊन टाकलं. डॉक्टर यायच्या सहा दिवस आधी, कोणी न विचारता.

"मला नळी नको. मला शांतपणे जाऊ द्या. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप केलंत."

बारकीनं ते कागदावर उतरवून घेतलं. वहिनी पलंगाशी बसून होत्या, दोघींचेही डोळे ओले. मी म्हटलं की हे दादाचं वाक्य नाही. दादानं "खूप" कधीच ठेवला नसता, पहिल्या वाचनात उडवला असता.  वहिनी हळू म्हणाल्या की भावोजी, तुम्हाला त्यांना जाऊ देणं जड जातंय, मला कळतं.

दादाचे डोळे लाल झालेत. आडवे. गोल. शेपटी.

१७ मार्च, सोमवार

वहिनी बाजारात गेल्या तेव्हा वायरच उपटली. दादासमोर उभा राहिलो आणि विचारलं. नळी हवी? वर. राहायचंय? वर. वर. बुबुळ पापणीत जाईल इतकं वर.

वहिनी आल्यावर म्हटलं की चला, तुमच्यासमोर विचारतो. आल्या. मी विचारलं की दादा, तुला राहायचंय ना. त्यानं वर बघितलं.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, बघा, खाली बघितलं. आता तरी पटलं?

आम्ही दोघं एकाच बाजूला उभे होतो. खांद्याला खांदा लावून.

१८ मार्च, मंगळवार

प्रोसेसर काढला. जुना बसवला. सर्व्हरवाला स्क्रूच्या डबीत टाकून झाकण लावलं. वहिनी चिडतील वाटलं होतं, चिडल्या नाहीत. 

कॉम्प्युटर पुन्हा मुंगीच्या पावलानं चालतोय. त्याचा एवढा आनंद मला कधी होईल असं वाटलं नव्हतं. दादा दहा वाजता सुरू झाला. श्वास लागायचा, थांबायचा, पुन्हा अक्षराकडे बघायचा. तीनदा खोडलं, तिन्ही वेळा खरंच खोडलं गेलं. एक वाजता स्क्रीनवर दोन शब्द होते.

पान्या राहायचंय

पान्या! त्या यंत्रानं मला या नावानं हाक मारणं कधीच सोडलं होतं. हा दादा आहे. हे माझ्या दादाचं आहे.

लगेच या वहीत उतरवलं, वही घेऊन खाली धावलो, वहिनींच्या हातात दिली. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, हो, किती सरळ लिहिलंय त्यांनी, मला शांतपणे जाऊ द्या.

मी पानाकडे बघितलं. "राहायचंय" असंच आहे. अजूनही तेच आहे. हे लिहितानाही वर तेच दिसतंय.

१९ मार्च, बुधवार

प्रोसेसर अंगणातल्या दगडावर ठेवून हातोड्यानं ठेचला. तुकडे गटारात टाकले.

परत आलो तर वहिनी भांडी विसळत होत्या. माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या की तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप केलंत. विचारलं, काय म्हणालात? वळून बघितलं, म्हणाल्या की भाजीत मीठ बघा म्हटलं.

वरच्या खोलीत बारकी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "झालं गेलं विसरून जाऊ." आवाज तिचा. मधला थांबा दादाच्या फितीतला. जिथे स्वल्पविराम वगळला होता, बरोबर तिथे.

कॉम्प्युटर बंद आहे. वायर माझ्या उशीखाली आहे. आता अंदाज त्यात नाहीये. या घरात आहे.

२० मार्च, गुरुवार

भिंगवाल्याकडे फोन केला. मी काही बोलायच्या आधी तो म्हणाला, "असू दे उघडी, वारा छान आहे." फोन ठेवला.

दादाचा श्वास वरवर चाललाय. बारकीनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं काढली होती आजारपणाच्या सुरुवातीला, ती सापडली. बोट फिरवतो, दादा वर बघतो तिथे थांबतो. कॉम्प्युटर नको, वीज नको. आज तासाभरात "पान्या घाबरू" एवढं झालं. मग दमला. पुढचा शब्द मला सांगायची गरज नव्हती.

दुपारी शेजारीण फाटकाशी भेटली. दादा कसा आहे, विचारलं. मला म्हणायचं होतं की बरा आहे.

मी म्हणालो की शांतपणे जाऊ द्यायचं ठरलंय.

माझ्या तोंडानं म्हणालो.

२१ मार्च, शुक्रवार

दिवसभर तोंड उघडलं नाही. उघडायची भीती वाटते. वहिनींना वाटतं मी दुःखात आहे. पाठीवरून हात फिरवला.

हात अजून माझा आहे. लिहून बघितलं. दादाला राहायचंय. दादाला राहायचंय. दादाला राहायचंय. तिन्ही वेळा नीट आलं. उद्या बोलायचं नाही. डॉक्टरांच्या हातात वही द्यायची. बाहेरचा माणूस आहे, या घरात राहत नाही, त्याला खरं दिसेल. दिसायला हवं.

दादाला सांगितलं, म्हणजे पुठ्ठ्यावर बोटानं दाखवलं. त्यानं वर बघितलं.

२२ मार्च, शनिवार

पावणेचार. मी दादाच्या उशाशी. वही मांडीवर. सकाळपासून त्याची नजर माझ्यावर आहे, भरवशानं. लहानपणी बंद पडलेलं घड्याळ माझ्या हातात देऊन असाच बघायचा.

मी मुद्दाम त्याचा घात केला नाही. हे कुणीतरी वाचेल तर — मला वेग हवा होता फक्त. त्याचे शब्द त्याला लवकर मिळावेत म्हणून.

चौथी पायरी नाही वाजली. पाचवी वाजली. डॉक्टर आले.

वहिनी सांगतायत. बारकीचा कागद दाखवतायत. डॉक्टर मान हलवतायत. आता माझ्याकडे वळले. भाऊ म्हणून मला काही सांगायचंय का. तोंड उघडणार नाही. लिहितोय, डॉक्टर, इथे वाचा —

दादाला शांतपणे जाऊ द्यायचं आहे.

नाही. हे मी नाही — खोडतोय —

दादाला शांतपणे

पेन्सिल पुढे जातेय. मी थांबलो तरी ती — डॉक्टर, दादाला नळी नको. खोडा. खोडा. नको हे नको — हवी लिहितोय मी, हवी — तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप

डॉक्टर खांद्यावरून वाचतायत. हळूच बॅग बंद केली. खांद्यावर हात ठेवला माझ्या. म्हणतायत किती स्पष्ट लिहिलंत

दादा वर बघत नाहीये. खालीही नाही. माझ्याकडेच बघतोय. डोळे फिरवतोय. आडवे माझ्यावरून, मग गोल, मग शेपटी, पुन्हा आडवे, माझ्याच अंगावरून, पान्या म्हणून नाही बघत आता, चूक सापडल्यासारखं मला